तुझ्या तक्त्याची पहिली ओळ

दारव्हा, जि. यवतमाळ
१० जून

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझा तक्ता मिळाला. नववीच्या पोरांना 'दोन सजीवांची तुलना' शिकवायला डाव्या बाजूला दगडफूल आणि उजव्या बाजूला रानससा, ही जोडी मला फार आवडली. वाघ-बिबट्याची तुलना कोणीही करतो. पण बाप्पा, पहिल्याच ओळीत दोन चुका आहेत. 'प्रकार' या रकान्यात दगडफुलाखाली तू 'वनस्पती' लिहिलंस आणि सशाखाली 'कुरतडणारा, उंदराच्या जातीचा'. दोन्ही खोड. या दोन चुका नीट दुरुस्त केल्या की बाकीचा तक्ता आपोआप भरत जातो, म्हणून आधी त्याच धरतो.

दगडफूल म्हणजे काळ्या मसाल्यात पडतं ते, सावजी रश्श्याला ज्यामुळे तो मातकट, खोल वास येतो ते. पाठ्यपुस्तकात त्याच्या जातकुळीला शैवाक म्हणतात. ते ना फूल, ना झाड, ना शेवाळ. त्यात एक कवक असतं, म्हणजे बुरशीच्या गोतावळ्यातलं, आणि त्या कवकाच्या जाळ्यात एकपेशीय हिरवं शैवल राहतं. शरीर जवळजवळ सगळं कवकाचं, पण स्वयंपाक शैवलाचा. पोरांना 'सहजीवन' हा शब्द देण्याआधी बटई सांग, ती त्यांना घरूनच माहीत असते. कवक जमीनवाला: आडोसा, ओल आणि चिकटून राहायला बूड त्याचं. शैवल बटईदार: उन्हात साखर पिकवतं आणि तिचा मोठा वाटा मालकाला देतं. दगडफुलातलं शैवल ट्रेबॉक्सिया या वंशाचं असतं आणि ते हा वाटा रिबिटॉल नावाच्या साखरी अल्कोहोलच्या रूपात देतं. बटई बरोबरीची आहे की मालक जास्त ओरबाडतो, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. माझं मत मालकाच्या विरोधात आहे, पण ते तू वर्गात सांगू नको.

हे दोन जीव आहेत हे स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनरनं १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा शैवाकांचे जाणकारच त्याच्यावर तुटून पडले. त्यात विल्यम नायलँडर पुढे होता. याच नायलँडरनं त्याच्या एकच वर्ष आधी पॅरिसमध्ये दाखवून दिलं होतं की शहराच्या धुरात शैवाक टिकत नाहीत. एवढं बारीक पाहणाऱ्याला ही बटई मात्र शेवटपर्यंत पटली नाही. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या सालीत तिसरा भागीदारही सापडला, यीस्टसारखी आणखी एक बुरशी. तेव्हा डावीकडच्या रकान्यात 'कवक आणि शैवल यांचं एकत्र बिऱ्हाड' असं लिही.

आता ससा. आपल्याकडचा रानससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस. या नावाचा अर्थ काळ्या मानेचा, पण पोरांनी वावरात पाहिलेल्या सशाची मान काळी नसली तर त्यांना खोटं पाडू नको. हिमालयाच्या पायथ्यापासून गोदावरीपर्यंतचा ससा मानेवर तपकिरी-करडा असतो आणि त्याची शेपटी वरून तांबूस असते. खरी काळी मान गोदावरीच्या दक्षिणेला. आपण नदीच्या अलीकडचे.

तो उंदराच्या जातीचा का नाही, हे दातात दिसतं. उंदीर-खारीला वरच्या जबड्यात पुढे दोनच पटाशीचे दात असतात. सशाला त्या दोन दातांच्या बरोबर मागे आणखी दोन खिळ्यांएवढे बारके दात असतात. धुऱ्यावर कधी सशाची जुनी कवटी दिसली तर वरचा जबडा आरशावर धर, मागची जोडी लगेच दिसेल. जुन्या कवटीतून ते बारके दात गळूनही जातात, म्हणून त्यांच्या खाचाही बघ. त्याही नसतील तर ती कवटी सशाची नाही. एकूण दात २८, आणि सगळे आयुष्यभर वाढत राहतात. म्हणूनच त्याला तंतुमय, रेताड चारा चालतो. ससे १९१२ पासून स्वतंत्र गणात धरतात. आणि बाजारात पिंजऱ्यात विकायला असतात ते पांढरे ससे याच्या जातीचे नाहीत. ते युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचे वंशज. त्यांची गुणसूत्रं ४४, रानसशाची ४८. जोडी लावून पिल्लं होत नाहीत. कोणी 'आमच्याकडे रानससा आणि पांढरा ससा यांचं संकर पिल्लू आहे' म्हणालं तर चहा पाजून वाटेला लाव.

आता गंमत बघ. उजवीकडेही एकटा जीव नाही. सशाच्या लहान आतड्याच्या पुढे अंधनाल म्हणून एक मोठी पिशवी असते. तिथे जिवाणू गवताचा तंतू आंबवतात, प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात. गाईच्या पोटात हे काम आतड्याच्या आधी होतं, त्यामुळे सगळा माल पुढे शोषला जातो, आणि रवंथामुळे दुसऱ्यांदा चावूनही होतं. सशाची अडचण अशी की त्याचा हा कारखाना शोषणाच्या दारानंतर आहे. माल तयार होतो तोवर गिऱ्हाईक मागे राहिलेलं असतं. म्हणून तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरडी, कडक, गवताच्या तुसाची लेंडी वावरात पडते ती आपल्याला दिसते. मऊ, ओलसर, बुळबुळीत पातळ आवरणाची लेंडी तो खाली पडूच देत नाही, थेट तोंडानं घेऊन न चावता गिळतो. हे बहुतेक दिवसा, बसल्या जागी चालतं. पोरं 'ई' म्हणतील. म्हणू दे, पण ती गोष्ट ते विसरणार नाहीत.

म्हणजे 'अन्न' या ओळीत डावीकडे 'बटईनं साखर' आणि उजवीकडे 'पोटातल्या बटईदारांकडून, दोन फेऱ्यांत' असं येईल. फरक एवढाच की शैवाकाचा बटईदार उघड्यावर उन्हात बसतो आणि सशाचा आत अंधारात.

तुझी तिसरी ओळ 'हवामान' ही तू एका शब्दात उरकलीस. खरं तर सगळा तक्ता या ओळीवर उभा आहे. 'हवामान' काढून तिथे 'मे महिन्याची दुपार' लिही. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बरडावरच्या काळ्या दगडाला हात टेकवत नाही, तेव्हा हे दोघं काय करतात?

शैवाक काहीच करत नाही. तो वाळतो. त्याच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम दहा-पंधरा टक्के पाणी उरतं, श्वास थांबतो, साखर बनणं थांबतं. मेलाय की झोपलाय हे डोळ्यांना कळत नाही. त्याला पाण्याची साठवण नाही, मूळ नाही, ऊन टाळायला सावलीतही जाता येत नाही. त्याचा उपाय एकच, थांबणं. पहाटेचा दव किंवा दमट हवा मिळाली की शैवल जागं होतं, काही तास काम करतं, ऊन चढलं की पुन्हा बंद. हिरव्या शैवलाच्या शैवाकांना नुसती दमट हवाही पुरते, पाण्याचा थेंब लागत नाही. याच गुणावर २००५ मध्ये दोन जातींचे शैवाक उपग्रहावर उघड्या अंतराळात पंधरा दिवस ठेवून आणले आणि परत आल्यावर ते पुन्हा काम करू लागले. त्यामुळे वाळणं त्याला घातक नाही. घातक आहे ते ओलं असताना गरम होणं, कारण तेव्हा श्वास जोरात चालतो आणि कमाई होत नाही. वर्गातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पोरं नमुना ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. नमुना कागदी पाकिटात, कोरडा ठेवायचा.

सशाला थांबता येत नाही. रक्त गरम आहे, ते सांभाळावं लागतं. घामाचा उपाय त्याच्याकडे जवळजवळ नाही. कान लांब, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले, त्यातून उष्णता बाहेर पडते. दुपारी तो झुडपाच्या किंवा उंच गवताच्या बुडाशी आपल्या बैठकीत बसतो. ती बैठक म्हणजे बीळ नाही. गवत दाबून केलेला उथळ खळगा, मागच्या बाजूला खोल आणि पुढे उथळ. संध्याकाळी उठतो, रात्रभर चरतो. पाणी मिळालं तर पितो, पण हिरव्या पाल्यातल्या ओलाव्यावर बराच काळ भागवतो. पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात जे हिरवं सापडेल ते, झुडपाचे कोंब आणि सालसुद्धा.

म्हणजे एकाचं सगळं चातुर्य थांबण्यात, दुसऱ्याचं जागा आणि वेळ निवडण्यात. कोल्हा, खोकड, रानमांजर, लांडगा, मुंगूस, मोठं घुबड सगळेच सशाच्या मागे लागतात, म्हणून आपल्या भाषेत 'ससेहोलपट' आली. जाता जाता, 'ससेमिरा'चा सशाशी काही संबंध नाही. ती शापानं वेड्या झालेल्या राजपुत्राची, चार श्लोकांच्या पहिल्या अक्षरांची गोष्ट आहे. हे पोरं विचारतीलच, म्हणून लिहून ठेवलं.

'पुढची पिढी' या ओळीत तू 'बीजाणू' आणि 'पिल्लं' लिहिलंस. अर्धं बरोबर आहे. कवकाचा बीजाणू उडाला तरी त्याच्यात शैवल नसतं. नव्या जागी पडल्यावर त्याला नवा बटईदार शोधावा लागतो. म्हणून पुष्कळ शैवाक दुसरी सोय करतात: कडेवर पिठासारखी पूड धरतात, तिच्या एकेका कणात कवकाचा धागा आणि शैवल दोन्ही बांधलेले असतात. मसाल्यातल्या खऱ्या दगडफुलाच्या, म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम या जातीच्या कडा अशाच सुरकुतलेल्या आणि पिठाळ असतात. भिंगातून बघ. सशाची पिल्लं गर्भातून साधारण ४१ ते ४७ दिवसांनी बाहेर पडतात, एका वेळी एक ते चार. ती बिळातल्या सशासारखी नागडी-आंधळी नसतात. अंगावर केस, डोळे उघडे, पळायच्या तयारीत. पण पोटातले जिवाणू बरोबर घेऊन येत नाहीत, ते नंतर बाहेरून मिळवावे लागतात. शैवाकाची पूड बटईदाराला पोटाशी धरून निघते, सशाचं पिल्लू एकटं. हा फरक मला सगळ्यात आवडतो.

पिल्लांवरून एक सांगणं राहिलं. हरभरा-तूर निघाली की किंवा गवत कापताना पिल्लू सापडतं, आणि पोरं 'माय सोडून गेली' म्हणून घरी आणतात. ती सोडून गेलेली नसते. पिल्लू दिवसभर एकटं, वास न येऊ देता निपचित बसतं आणि माय दिवसातून मोजक्या वेळा, बहुधा अंधार पडल्यावर पाजायला येते. घरी गाईचं दूध पाजलं तर हगवण लागते किंवा दूध श्वासनलिकेत जातं, दोन-तीन दिवसांत मरतं. सापडलं तिथेच ठेवावं. वावर मोकळं झालं असेल तर जवळच्या धुऱ्यावरच्या गवतात, सावलीत. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. तुझ्या 'उपयोग' या ओळीत सशाखाली 'मांस' आहे, ते तर आधी खोड. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाला संरक्षण आहे. फास लावणं, कुत्रे सोडणं किंवा कुंपणात करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि करंट तर माणसालाही घेऊन जातो.

आता पोरांना हाताला काम दे. तीन गोष्टी सांगतो, साहित्य सगळं गावात मिळेल.

पहिलं, पाणी. किराणा दुकानातलं दगडफूल ५ ग्रॅम मोजून घे. शाळेत नाजूक काटा नसेल तर सोनाराकडे वजन करून आण. वजनाआधी काडी, साल, दगडाचे तुकडे वेचून टाक, नाहीतर तेच मोजलं जाईल. दहा मिनिटं पाण्यात बुडव, मग झटकून टिपकागदावर ठेवून पुन्हा वजन कर. साधारण दुपटीपासून तिपटीपर्यंत भरायला हवं. माल ताजा असेल तर वरची करडी बाजू ओली होताच हिरवट दिसते, कारण ओली साल पारदर्शक होते आणि आतलं शैवल डोकावतं. माल जुना, पिवळट असेल तर तसं होणार नाही. मग पोरांना सांग की हा बटईदार कधीचाच गेला. नंतर तेच उन्हात वाळवून पुन्हा मोज.

दुसरं, आतली रचना. पाच मिनिटं भिजवलेला तुकडा गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडनं पातळ काप. कोरडा कापायचा नाही, चुरा होतो. सूक्ष्मदर्शकात वरची साल, तिच्याखाली हिरव्या गोल पेशींचा पट्टा, मग पांढरट सैल धागे आणि तळाला काळी साल दिसेल. मधला थर काळा, भेसूर दिसला तर घाबरू नको, ती धाग्यांत अडकलेली हवा आहे. कापावर स्पिरिटचा एक थेंब टाकून मग पाणी घाल, हवा निघून जाते. ब्लेड मात्र तूच चालव, पोरांच्या हातात देऊ नको.

याच तुकड्यावर आणखी एक खेळ. दुकानातलं दगडफूल एकाच जातीचं नसतं, तीन-चार मिसळलेली असतात. वरची साल खरवडून पांढरा भाग उघडा कर आणि ताज्या ब्लीचचा थेंब सोड. पार्मोट्रेमा टिंक्टोरम असेल तर लालभडक होतं आणि काही सेकंदांत फिकं पडतं, म्हणून डोळा भिंगाला लावूनच थेंब टाक. पर्लाटम लाल होत नाही. चुकतं ते एवढ्यावरच: बाटली वर्षभर उघडी राहिलेली असेल तर ब्लीचमधलं औषधच उडालेलं असतं आणि काहीच रंग येत नाही. लिटमसचा रंगही मुळात एका शैवाकातूनच काढत असत, हे आम्ल-आम्लारीच्या धड्याला जोडून टाक.

तिसरं, मोजणी. मसाल्यातलं पानासारखं दगडफूल आपल्या मैदानी बरडावर शोधत बसू नको. तशा पानाळ जातींना थंड, दमट अंग लागतं, चिखलदऱ्याकडे सुमारे ११०० मीटरवर झाडांच्या सालीवर नजर टाक. तुझ्या शाळेमागे दगडाला चिकटलेले भुरकट, पिवळसर चट्टे असतात ते खरपडी शैवाक. झाडावर मोजायचं असेल तर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, खोडाच्या चारही बाजूंना, दहा बाय दहा सेंटीमीटरचे पाच चौकोन एकावर एक अशी तारेची शिडी टेकव आणि कोणत्या चौकोनात शैवाक आहे ते लिही. सगळी झाडं एकाच जातीची घे, नाहीतर साल बदलली की आकडाही बदलतो. चुना-गेरू लावलेली आणि जनावरं अंग घासतात ती खोडं सोडून दे. दगडावरच्या चट्ट्याची वाढ पाहायची तर पारदर्शक कागदावर कड काढून घे आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, चट्टा कोरडा असताना पुन्हा काढ. ओला असताना तो फुगतो आणि वाढ झाल्यासारखी वाटते. चट्टा खरवडायचा नाही. वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबात वाढणारी चीज आहे ती. सशाला हरवणारं कासवसुद्धा इथे घोड्यासारखं वाटेल.

सशाची मोजणी लेंड्यांवरून होते. १ मीटर ७८ सेंटीमीटर दोरी खुंटीला बांधून गोल आख, म्हणजे दहा चौरस मीटर होतात. असे दहा गोल बरडावर आणि दहा पांदणीच्या काठानं घे. पहिल्या दिवशी आतल्या सगळ्या लेंड्या वेचून टाक, पंधरा दिवसांनी नव्या मोज. जुन्या न वेचता मोजणी केली तर कधीच्या लेंड्या त्यात येतात आणि ससे पैशाला पासरी आहेत असं वाटतं. सशाची लेंडी जवळपास गोल, थोडी चपटी, सेंटीमीटरभर, फोडली की आत नुसतं तूस. शेळीची लांबट, काळपट आणि गुळगुळीत. ओल्या मातीत पाऊल पाहायचं तर लक्षात ठेव: मोठी दोन पावलं पुढे आणि लहान दोन मागे असतात, कारण उडीत मागचे पाय पुढच्या पायांच्या पलीकडे टेकतात. मोठी पावलं ज्या बाजूला, ससा त्या दिशेनं गेला. बहुतेक लोक उलटं वाचतात.

मसाल्याचं वहिनींनी विचारलं होतं. पाव किलो धण्याला दगडफूल दहा-पंधरा ग्रॅम पुरे. ते आधी निवडून, झटकून घ्यायचं, धुतलं तर पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. थोड्या तेलात मंद आचेवर, सगळ्यात शेवटी परतायचं, वास सुटला की लगेच उतरवायचं. जास्त झालं की कडवट होतं आणि मग सगळा मसाला बिघडतो.

पहिला दमदार पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी पोरांना बरडावर ने. तेच भुरकट चट्टे हिरवट झालेले दिसतील आणि जवळच्या चिखलात सशाची पावलंही उमटलेली असतील. तक्ता तिथेच भरून घे, वर्गात नको. दोरी, तारेची शिडी, कागदी पाकिटं आणि भिंग एवढं बरोबर असू दे. शाळेचं भिंग फुटलंय म्हणालास, तर माझं दहापटीचं पोरगा येताना पाठवतो.

तुझा,
मोरेश्वर